ग्रेट डेनचं पिल्लू, १३ आठवडे: पुढचे पाय वाकतायत, कॅल्शियम द्यायचं का? आणि रिंगची तयारी कधीपासून?

डेन_कोथरूड

फॉन रंगाचा नर, वय १३ आठवडे, काल वजन १७ किलो भरलं. आठवड्याभरापासून उभा राहिला की पुढचे दोन्ही पाय मनगटातून किंचित पुढे वाकतात, थरथरतात. लंगडत नाही, ताप नाही, खातो-खेळतो मजेत. घरात सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स.

खाणं: मोठ्या जातींच्या पिल्लांचं कोरडं खाणं दिवसाला ६०० ग्रॅम (पाकिटावर कॅल्शियम १.४%, किलोला ३८०० कॅलरी), दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही-भात. ब्रीडरने कॅल्शियम सिरप १० मिली दोन वेळा आणि एक चमचा बोनमील सांगितलंय. पाय वाकायला लागल्यावर फोन केला तर म्हणाले सिरप दुप्पट करा.

१. कॅल्शियम वाढवू की बंद करू?
२. पुढच्या हिवाळ्यात डॉग शोमध्ये उतरवायचा आहे. रिंगसाठी काय आणि कधी सुरू करायचं?
३. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) नोंदणीचे कागद ब्रीडर "नंतर देतो" म्हणतोय. चालेल का?

पशुवैद्य_सातारा

दुप्पट तर अजिबात करू नका. सिरप आणि बोनमील दोन्ही आजपासून बंद.

आधी हिशेब मांडू. १७ किलोच्या पिल्लाची मूळ गरज (७० गुणिले वजनाचा ०.७५ घात) साधारण ५८५ कॅलरी. चार महिन्यांच्या आत तिच्या तिप्पट धरतात, म्हणजे १७५०. तुमच्याकडे नुसत्या कोरड्या खाण्यातून २२८० जातायत, अंडी आणि दही-भात धरले तर २६००च्या आसपास. गरजेच्या जवळपास दीडपट.

आता कॅल्शियम. ६०० ग्रॅमचे १.४% म्हणजे ८.४ ग्रॅम. चमचाभर बोनमीलमधून सव्वा-दीड ग्रॅम, सिरपमधून फार तर एक. एकूण पावणेअकरा. खाणं योग्य मापात, म्हणजे ४२० ग्रॅम दिलं, तर त्याला सहा ग्रॅम मिळतात आणि ते पुरतात. जास्तीच्या पाच ग्रॅमपैकी निम्मं नुसत्या जादा खाण्यातून येतंय. सगळे सिरपच्या बाटलीवर तुटून पडतात, भांड्याकडे कोणी बघत नाही.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला जास्तीचं कॅल्शियम लघवी-शीवाटे टाकून देता येतं, हा नियम लहान पिल्लाला लागू होत नाही. सहा महिन्यांपर्यंत आतड्यातून जे शोषलं जातं त्यावर शरीराचा ताबा कमी असतो. आत गेलेलं हाडात जाऊन बसतं, हाडांची नैसर्गिक झीज-भर मंदावते आणि वाढीच्या टोकाची कूर्चा वेळेवर हाडात बदलत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात हॅझविंकेल या पशुवैद्यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे तपासलं. ३.३% कॅल्शियमवर वाढवलेल्या पिल्लांच्या हाडांत बिघाड झाले, १.१% वाली नीट वाढली. तुमचं पाकीट ओलावा वजा करून १.५५% च्या आसपास येतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८% मानतात. म्हणजे पाकीट चांगलं आहे, त्याच्यावर वरून काही घालायची गरज नाही.

तर करायचं असं: पाच-सहा दिवसांत हळूहळू ४२० ग्रॅमवर या. तीन वेळा १४० ग्रॅम, वाटीने नाही, काट्यावर मोजून. वरून एक अंडं आणि दोन चमचे दही, बस. प्रोटीन कमी करायच्या भानगडीत पडू नका. "प्रोटीनने पाय वाकतात" हा समज जुना आहे, डेनच्या पिल्लांवरच्या प्रयोगात तो टिकला नाही. चार महिन्यांनंतर तिपटीचा आकडा दुप्पट-अडीचपटीवर आणा. वजन तेव्हा वाढलेलं असेल, म्हणून हिशेब दर पंधरा दिवसांनी नव्याने. आणि शेवटी खरा काटा म्हणजे तुमचा हात: बरगड्या दाब न देता बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. लोक "खायला घालत नाही का" म्हणतील तेव्हा समजा माप बरोबर आहे.

तुम्ही सांगताय ते वर्णन मनगटाच्या सैलपणाचं आहे. दोन्ही पाय सारखे, दुखत नाही, खेळकर आहे. खाणं आणि फरशी सुधारली तर बहुतेक पिल्लं दोन-चार आठवड्यांत सरळ होतात. पट्टी किंवा स्प्लिंट बांधू नका, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात.

पण पुढच्यापैकी काही दिसलं तर वाट बघू नका. मनगटाच्या जरा वर सूज आणि तिथे हात लावला की गरम, ताप १०४ फॅरनहाइटच्या घरात, उठायलाच नको म्हणतो: ही एचओडी (वाढत्या हाडांच्या टोकांना सूज येण्याचा आजार) असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. किंवा एकच पाय बाहेरच्या बाजूला वळत चाललाय, पंजा घड्याळात दोन वाजल्यासारखा: दोन्ही पायांचा एक्स-रे काढा, तुलनेसाठी दोन्ही. पुढच्या पायात अल्ना आणि रेडियस अशी दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. अल्नाचं खालचं वाढीचं टोक शंकूसारखं असतं, त्याला इजा झाली की ते हाड थांबतं आणि शेजारचं रेडियस वाढतच राहतं, मग पाय धनुष्यासारखा होतो. यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती वाढ चालू असताना केली तर जास्त उपयोगाची.

माती_आणि_पंजे

वरच्याशी सहमत, पण फरशीला तुम्ही दोन शब्दांत उरकलंत. निम्मा रोग तिथे आहे. टाइल्सवर पिल्लू पंजे पसरून स्वतःला धरून ठेवतं, बोटं फाकतात, मनगटावर ताण येतो.

सतरंजी घालू नका, ती त्याच्यासकट घसरते. जिममध्ये असतात ते रबरी मॅट, ८ ते १० मिमी जाडीचे, एकमेकांत अडकणारे. सगळं घर झाकायची गरज नाही: खाण्याची जागा, झोपण्याची जागा आणि दारापर्यंतचा पट्टा. भांड्यासमोर तर हवंच, कारण खाताना मान खाली घालून तो दिवसातून तीनदा सगळा भार पुढच्या पायांवर टाकतो. झोपायला किमान ४ इंचांची गादी. नुसत्या फरशीवर धपकन बसणाऱ्या डेनच्या कोपरावर आधी घट्टे पडतात, मग पाण्याची गाठ.

नखं: चालताना टाइल्सवर टकटक आवाज आला की वाढलीत. लांब नखाने बोट वर उचललं जातं आणि पंजा सपाट पडतो. दर पाच-सहा दिवसांनी ग्राइंडरने मिलिमीटर-दोन मिलिमीटर. फॉन डेनची नखं काळी असतात, आतली शीर दिसत नाही, म्हणून कापण्यापेक्षा घासणं बरं.

व्यायाम मातीवर किंवा गवतावर, पट्टा सोडून, त्याच्या मर्जीने. दमला की बसू दे. स्कूटरमागे पळवणं, चेंडूमागे गरगर वळवणं, जिने, गाडीतून उडी, सगळं बंद. लिफ्ट नसेल तर एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे घालून उचला. बगलेत धरून उचलू नका, खांदे ढिले पडतात. लसींचा कोर्स पूर्ण व्हायचा असेल तर सार्वजनिक बागेत नको, पार्व्हो मातीत महिनोन्महिने टिकतो. सोसायटीच्या मागची, भटकी कुत्री येत नाहीत अशी जागा शोधा. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड बघायची.

डेन_कोथरूड

बोनमील आणि सिरप बंद केलं, मॅट मागवले. एक शंका: दात बदलताना कॅल्शियम लागतं म्हणतात, ते?

पशुवैद्य_सातारा

दुधाचे दात पडून येणारे कायमचे दात हिरडीत आधीच घडत असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात सिरप पाजून त्यांत काही भर पडत नाही. नुसत्या चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, तिथे ते मोजून घालावंच लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होऊन मोडतात. तुमचं खाणं पाकिटातलं आहे, तुम्हाला हा प्रश्नच नाही.

रिंगसाइड

दुसरा प्रश्न माझ्या प्रांतातला. तयारी आजपासून, पण दिवसाला पाच मिनिटं.

पहिली गोष्ट, सध्या "बस" शिकवू नका. सगळे क्लास तिथूनच सुरू करतात आणि मग रिंगमध्ये थांबलं की पिल्लू शहाण्यासारखं बसतं. आधी उभं राहणं पक्कं करा. उकडलेल्या चिकनच्या काळजाचे नखाएवढे तुकडे करा. तुकडा त्याच्या नाकाच्या पातळीवर धरा. वर धरला तर बसतो, खाली धरला तर मान पाडतो. चारी पाय जमिनीवर दोन सेकंद थांबले की लगेच तुकडा. महिन्याभरात दहा सेकंद, सहा महिन्यांपर्यंत तीस. शोसाठी पातळ पट्टा वेगळा ठेवा. तो कानांमागे उंच बसला की उभं राहायचं, रोजचा पट्टा असला की हुंदडायचं. हा फरक पिल्लं फार लवकर पकडतात.

हाताने पाय लावणं पाय सुधारल्यावर, चार महिन्यांनंतर. पुढचा पाय कोपराला धरून उचला आणि खांद्याच्या बरोबर खाली सोडा. पंजा धरून ओढलात तर तो परत मागेच घेणार. मागचा पाय घोट्याला धरून असा ठेवा की घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीशी काटकोनात राहील. नवखे मागचे पाय ओढून फार लांब नेतात, त्याने पाठ उतरती दिसते आणि जो दोष कुत्र्यात नाही तो जजला दिसतो.

परीक्षणाची सवय ही डेनची खरी परीक्षा. जज डोक्यावरून, खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवतो, नराची दोन्ही वृषणं चाचपतो. हे अनोळखी माणसांकडून करून घ्या: टोपीवाला, दाढीवाला, चष्मेवाली, छत्री घेतलेला. लाउडस्पीकरचा आवाज लांबून सुरू करा. बुजणारा किंवा चावरा डेन प्रमाणकानुसार (जातीचं ठरवून दिलेलं आदर्श वर्णन) थेट बाद होतो, रचना कितीही सुरेख असो. दात दाखवताना तोंड उघडायचं नाही, ओठ फक्त बाजूला करायचे, आधी समोरून, मग दोन्ही बाजूंनी. चार ते सहा महिन्यांत हिरड्या दुखतात, तेव्हा हा सराव नुसत्या ओठांना बोट लावण्यावर आणा. त्या वयात एकदा दुखलं की मोठेपणी जजचा हात बघून मान फिरवतो.

चाल: कुत्रा तुमच्या डावीकडे, दुडकी. जज आणि कुत्रा यांच्या मध्ये तुम्ही कधीच यायचं नाही. सरळ जाऊन परत, त्रिकोण आणि गोल, हे तीन आले की पुरे. पाच महिन्यांच्या सुमारास पाय लांब होतात आणि पिल्लू एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागतं. रिंगमध्ये हा दोष धरतात. तसं झालं की थांबा, एक छोटं वळण घ्या आणि एकदम जरा वेगात निघा. सावकाश चालीतून वेग वाढवत नेलात तर तीच चाल कायम राहते. पट्टा ताणून डोकं वर खेचू नका, पुढचे पाय हवेत वल्ह्यासारखे फिरतात. वर्षाच्या आत एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त दुडकी नको.

शोचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. वयाचे वर्ग त्या त्या शोच्या शेड्यूलमध्ये बघून अर्ज भरा, वय शोच्या दिवशीचं धरतात. आणि वर्षाच्या आसपास डेन नुसता पाय आणि ढुंगण असतो, छाती भरलेली नसते. तेव्हा सीसीची (चॅलेंज सर्टिफिकेट, चॅम्पियन होण्यासाठी लागणारं) आशा धरू नका, रिंगची सवय म्हणून उतरवा. नर भरायला अडीच-तीन वर्षं घेतो. एफसीआयचं (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणक नराला ८० ते ९० सेंटिमीटर उंची मागतं. ९०च्या वर गेलेला "केवढा मोठा!" म्हणून जिंकत नाही.

अवांतर: कोणी कान कापून उभे करायचा सल्ला दिला तर ऐकू नका. एफसीआयच्या प्रमाणकात डेनचे कान नैसर्गिक, लोंबते आहेत.

कागदपत्र

तिसऱ्याबद्दल: "नंतर देतो" याचा अर्थ बहुतेक वेळा लिटर (एका वेतातली सगळी पिल्लं) नोंदलेलंच नाही. आई-बाप दोघांची नोंदणी असावी लागते आणि लिटरची नोंद ब्रीडरनेच करायची असते, ते तुमच्या हातात नाही. आज तीन गोष्टी मागा: आई-बापाचे नोंदणी क्रमांक, लिटर नोंदणीची पावती आणि पिल्लाचा १५ अंकी मायक्रोचिप क्रमांक. मग डॉक्टरांकडे स्कॅनरने चिप वाचून घ्या. चिप सरकून खांद्याखाली गेलेली असते किंवा क्रमांकच जुळत नाही, हे प्रवेशअर्ज भरताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. प्रमाणपत्र आलं की मालकी तुमच्या नावावर करून घ्या. पैसे बाकी असतील तर कागद येईपर्यंत बाकीच ठेवा.

पशुवैद्य_सातारा

डेन आहे म्हणून एक राहिलेलं. पोट फुगून पीळ बसणं या जातीत फार आढळतं. खाणं दोन-तीन वेळांत विभागलेलं, खाण्याआधी तासभर आणि नंतर दोन तास पळापळ नाही, भांडं स्टुलावर नको (उंच भांड्याने धोका घटतो हा समज अभ्यासात उलटा निघाला). वांती करायचा प्रयत्न करतोय पण फेसाशिवाय काही येत नाही, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या, पोट टणक: काही तासांत जीव जातो, जिरे-ओवा करत बसू नका. रात्री पोटाची शस्त्रक्रिया करणारा दवाखाना आत्ताच शोधून नंबर फ्रिजवर लावा. जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवायची शस्त्रक्रिया पूर्ण वाढ झाल्यावर करता येते. त्याने पीळ टळतो, फुगणं टळेलच असं नाही.

खुब्याचा अधिकृत एक्स-रे डेनमध्ये १८ महिन्यांनंतर. त्याआधी काढलेल्यावर ए-बी-सी दर्जा मिळत नाही, आणि तो हाती येईपर्यंत नर ब्रीडिंगला वापरू नका.