‘चिल्ड्रन ऑफ मेन’ला समीक्षक एवढं डोक्यावर का घेतात?

पडदानशीन
(पुढे रहस्यभेद आहे. सिनेमा बघायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

अल्फोन्सो कुआरोनचा २००६ चा सिनेमा. साल २०२७, देश ब्रिटन. १८ वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही आणि की नावाची एक निर्वासित मुलगी गरोदर आहे. तिला सुखरूप बाहेर काढायचं काम थिओ नावाच्या, कशातच राम न उरलेल्या सरकारी कारकुनाच्या गळ्यात पडतं. तिकीटबारीवर सिनेमा पडला. खर्च साधारण ७.६ कोटी डॉलर, जगभरातून गल्ला जेमतेम ७ कोटी. तरीही २०१६ मध्ये बीबीसीनं जगभरच्या समीक्षकांचा कौल घेऊन एकविसाव्या शतकातल्या सर्वोत्तम सिनेमांची यादी केली, त्यात हा १३ वा.

माझ्या मते याचं कारण पहिल्या काही मिनिटांतच सापडतं. जगातला सर्वांत लहान माणूस, १८ वर्षांचा दिएगो, मारला गेल्याची बातमी टीव्हीवर चालू आहे. लोक सुन्न होऊन बघताहेत. थिओ त्यांच्यातून वाट काढत कॉफी घेतो, बाहेर पडतो, चार पावलं जातो आणि मागे त्याच दुकानात बॉम्ब फुटतो. नंतर ऑफिसात हा गडी दिएगोच्या दुःखाचं निमित्त सांगून घरी सटकतो. जगही कळलं, माणूसही कळला, आणि कुणी भाषण ठोकलं नाही. पुढेही पिंजऱ्यातले निर्वासित, घरच्या घरी मरण्याच्या औषधाच्या जाहिराती, सगळं मागच्या बाजूला चालू असतं. थिओ तिकडे ढुंकून बघत नाही, पण कॅमेरा मधूनच त्याला सोडून तिकडे वळतो. नायक ज्याच्याकडे काणाडोळा करतो ते प्रेक्षकाला बघावं लागतं. कौतुक आहे ते याचं.

तर्कटराव
असहमत. न सांगणं हा गुण कधीपासून झाला? वंध्यत्व कशामुळे आलं? माहीत नाही. कीला ज्यांच्याकडे पोचवायचंय ते ह्यूमन प्रोजेक्टवाले कोण, कुठे असतात, बाळाचं करणार काय? माहीत नाही. बाकी जग कोसळलं आणि ब्रिटन तेवढं कसं टिकलं? तेही नाही. एवढ्या भोकांची कथा एखाद्या मसालापटात असती तर याच मंडळींनी सालटी काढली असती. इथे कॅमेरा हलता, रंग राखाडी आणि नायक दाढी वाढलेला, म्हणून ‘सूचकता’. आणि सूचकता म्हणावी तर शेवटी येणाऱ्या बोटीचं नाव काय? ‘टुमॉरो’! यापेक्षा पाटी लावायची होती.

रिळवाली
बोटीच्या नावावर तर्कटरावांना माझा पाठिंबा. कॅमेऱ्यावर अजिबात नाही.

गाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग आठवा. पाच माणसं गाडीत, चेष्टामस्करी चालली आहे, थिओ आणि त्याची पूर्वीची बायको ज्युलियन (ज्युलियन मूर) पिंगपाँगचा चेंडू एकमेकांच्या तोंडात उडवताहेत. मग पेटती गाडी रस्त्यात आडवी येते, झाडीतून जमाव धावून येतो, मोटरसायकलवरून गोळी सुटते, आणि हे सगळं जणू एकही कट न घेता, गाडीच्या आतून दिसतं. यासाठी गाडीचं छप्पर काढून वर रिमोटवर फिरणारा कॅमेरा बसवला होता आणि तो जवळ आला की नटांना वाट मोकळी करून देता यावी म्हणून सीट झुकत्या केल्या होत्या. दृश्य वेगवेगळ्या तुकड्यांत चित्रित करून नंतर संगणकावर जोडलंय, चेंडूसुद्धा डिजिटल आहे. म्हणजे ‘एका दमात शूट केलं’ म्हणून जी वाहवा होते ती चुकीच्या गोष्टीची होते. खरी करामत अशी, की हल्ला चालू असताना कॅमेरा गाडीबाहेर जातच नाही. मारेकरी कोण, कुठून आले, ते थिओला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. आणि ज्युलियन मूरसारखी मोठी नटी पहिल्या अर्ध्या तासात मेलेली! त्यानंतर कुणाच्याच जिवाची खात्री वाटत नाही.

बेक्सहिलच्या निर्वासित छावणीतल्या लांब शॉटमध्ये कॅमेऱ्याच्या काचेवर रक्ताचे थेंब उडतात, ते बराच वेळ तसेच राहतात आणि मग कुणाच्या लक्षात न येता नाहीसे होतात. एमॅन्युएल लुबेझ्कीला या छायाचित्रणासाठी बाफ्टा मिळालं. ऑस्करला नुसतं नामांकन. तो पुरस्कार गेला ‘पॅन्स लॅबिरिंथ’ला. त्याचा राग मला अजून आहे, असो.

पुस्तकी किडा
मूळ कादंबरी पी. डी. जेम्स यांची, १९९२ ची. तिच्यात बीज पुरुषांचं नासलेलं आहे, सिनेमात स्त्रिया वंध्य होतात. कादंबरीत गरोदर राहते ती ज्युलियन. थिओ इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि त्याचा चुलतभाऊ झान हा इंग्लंडचा सर्वेसर्वा. या नात्यातच पुस्तकाचा जीव आहे. पुढची पिढीच नाही म्हटल्यावर लोक सुरक्षितता आणि सोय यांच्या बदल्यात सगळे हक्क आनंदानं सोडून देतात. कुणी जबरदस्ती करावी लागत नाही. सिनेमानं झानला उडवला आणि जागोजागी बंदूकधारी पोलीस उभे केले. अत्याचार दाखवणं सोपं, लोकांची राजीखुशी दाखवणं अवघड. समीक्षकांनी सोप्या वाटेला दाद दिली असं माझं मत.

शिवाय की. आफ्रिकेतून आलेली, गरोदर, आणि तिच्या भोवतीचे सगळे तिचं काय करायचं ते ठरवणार. स्वतःचा निर्णय असा तिच्या वाट्याला कितीसा येतो?

पडदानशीन
किडेसाहेब, कीबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. पण निर्वासितांसाठी लढणाऱ्या फिश या बंडखोर संघटनेला सोडून थिओवर विश्वास ठेवायचं ती ठरवते, आणि तिची थट्टेखोर जीभ तिला देवी होऊ देत नाही. थिओ ‘बाप कोण’ असं विचारतो तेव्हा ‘मी कुमारिका आहे’ म्हणून त्याची फिरकी घेते ती! झानचं म्हणाल तर राजीखुशी सिनेमातही आहे. थिओ स्वतःच तिचा नमुना आहे. पिंजऱ्यांशेजारून रोज ऑफिसला जाणारा.

आडवातिडवा
तारखा बघा की जरा. बीबीसीची यादी ऑगस्ट २०१६ ची. त्याआधी २०१५ मध्ये युरोपात निर्वासितांचे लोंढे, आणि जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा कौल. दहा वर्षांपूर्वीचा, ब्रिटनच्या बंद सीमांचा सिनेमा अचानक द्रष्टा ठरणारच. समीक्षकांचं हे नेहमीचं आहे. १९८२ मध्ये ‘ब्लेड रनर’वर निम्म्यांनी नाकं मुरडली होती, आज नाव काढलं की हात जोडतात. ‘मेट्रोपोलिस’ची तर खुद्द विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सनं खिल्ली उडवली होती. भविष्यातलं जग दाखवणाऱ्या सिनेमाची किंमत पुढचं जग ठरवतं. जग बिघडलं की सिनेमाचा भाव वाढतो.

रिळवाली
आडवातिडवा, मग २००६ मधल्या व्हेनिसच्या तांत्रिक पुरस्काराचं आणि तीन ऑस्कर नामांकनांचं काय? तेव्हा कुठे ब्रेक्झिट होतं? आणि भविष्य सांगितलं हेच मुळात मला पटत नाही. बस छावणीत शिरते तेव्हा खिडकीबाहेर डोक्यावर काळी टोपडी चढवलेला, हात फैलावलेला कैदी दिसतो. ते इराकमधल्या अबू घरीब तुरुंगातल्या, २००४ मध्ये उघड झालेल्या फोटोंवरून सरळ उचललंय. कुआरोन २०२७ चं नाव घेऊन २००६ च दाखवत होता.

तर्कटराव
बरं, कॅमेरा दिला तुम्हाला. पण बाळाचं रडणं ऐकून अख्खी लढाई थांबते, सैनिक गुडघे टेकतात, क्रूस काढतात, हे काय आहे? एवढा वेळ रुक्षपणाचा आव आणून शेवटी भाबडेपणाच ना?

रिळवाली
तो प्रसंग पुरता बघा ना. एक तोफगोळा पडतो आणि पुढच्या क्षणी तेच सैनिक वळून पुन्हा गोळीबार सुरू करतात. बाळ अजून हाकेच्या अंतरावर असतं. भाबडा दिग्दर्शक गुडघे टेकल्यावर संगीत वाढवून थांबला असता.

तर्कटराव
पुन्हा गोळीबार सुरू होतो ते जमलंय, नाकारत नाही. ह्यूमन प्रोजेक्टबद्दल मात्र अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.