नस, शीर की नीला? हातावर निळं दिसतं ते काय

आमच्या सोलापुरात सगळ्याला सरसकट नसच म्हणतात, नस दबली, नस चढली, सलाईनला नस सापडेना, हातावर नसा दिसायल्यात. पोरीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र रोहिणी आणि नीला. मग कातडीतून दिसते ती कुठली, आणि नीला म्हणजे आत निळं रक्त असतं का? जाणकारांनी सांगा.

— दिसते ती नीला, म्हणजे हृदयाकडं रक्त परत नेणारी वाहिनी, बोलीत शीर. रक्त निळं कुणाचंच नसतं. तपासणीला कोपराच्या खोबणीतून काढतात ते नीलेतलंच रक्त, ट्यूबमध्ये बघा, काळपट लाल असतं, कारण त्यात ऑक्सिजन कमी. निळेपणा येतो उजेडामुळे, लाल उजेड कातडीत खोल शिरतो आणि तिथं शिरेतलं रक्त तो बराचसा शोषून घेतं, निळा उजेड वरच्यावर परत फिरतो, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यातनं आजूबाजूपेक्षा लाल कमी येतो आणि डोळ्याला तो पट्टा निळसर वाटतो. रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, नावानं तांबडी, पण तिची भिंत जाड आणि ती बहुतेक ठिकाणी खोल असते, म्हणून दिसत नाही, मनगटावर नाडी म्हणून हाताला लागते तेवढीच. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीकडं जास्त रक्त येतं, शिरा फुगतात आणि ठळक दिसतात. अंगावर चरबी कमी असली, वयानं कातडी पातळ झाली तरी तेच.

— वरच्यात एक भर. ‘नस दबली’ मधली नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हेच, ती चेता, म्हणजे मज्जातंतू, आणि ‘नस चढली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पोटरीचा स्नायू आखडून गोळा आलेला असतो. एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी! सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणाऱ्यांचं ‘नरम’ पण असंच, शिरेलाही तेच नि मज्जातंतूलाही तेच, त्यामुळे हा घोळ काय मराठीचाच नाही. पण दवाखान्यात याचा फरक पडतो हो. यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांच्या पायात शिरांमधल्या झडपा सैल पडून रक्त खाली साठतं, पोटरीवर वेड्यावाकड्या गाठीगाठीच्या शिरा येतात, त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. तिथं ‘नसांचा त्रास आहे’ एवढंच सांगितलं की डॉक्टर आधी मुंग्या येतात का, कंबर दुखते का तेच विचारत बसणार. सरळ ‘पायाच्या शिरा फुगल्यात’ म्हणा आणि पँट वर करून दाखवा.