मदत हवी आहे: डाळिंबाचे एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) दोन वेगळ्या जीनोमवरचे आहेत, एकत्र कसे आणू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. भगवा वाण आणि हिमाचलकडचं जंगली 'दारू' डाळिंब यांच्या संकरातली रोपं हाताशी आहेत. बी मऊ निघणार की टणक, हे कळायला फळ लागेपर्यंत थांबावं लागतं. रोप लहान असतानाच पानाच्या डीएनएवरून चाळणी लावता आली तर निम्मं रान मोकळं होईल.

अडचण अशी, की छापून आलेल्या लेखांत काही एसएनपींच्या जागा 2017 च्या 'दाबेंझी' वाणाच्या जीनोमवर (पूर्ण डीएनएच्या नकाशावर) दिल्यात आणि काही 2020 च्या 'ट्युनिशिया' वाणाच्या जीनोमवर. पहिल्यात नऊ गुणसूत्रं, दुसऱ्यात आठ! मग 'गुणसूत्र 1' म्हणजे नक्की कोणतं? सफरचंद, पीच, स्ट्रॉबेरीसाठी जीडीआर हा जीनोमचा डेटाबेस आहे, तसं डाळिंबाचं एखादं ठिकाण आहे का? जीडीआरवर शोधलं, डाळिंब दिसत नाही. डीबीएसएनपी या एसएनपींच्या डेटाबेसमध्येही हाताला काही लागलं नाही.

– केगावची पाहुणी

---

बेसपेअर: जीडीआर हे गुलाबाच्या कुळातल्या पिकांचं घर आहे. डाळिंब मेंदीच्या कुळातलं, तिथे कसं सापडेल? आणि डीबीएसएनपी 2017 पासून फक्त माणसाचेच बदल घेतं. बाकी सजीवांसाठी युरोपचा ईव्हीए हा तसाच डेटाबेस आहे, तिथे एकदा बघ. चीनच्या जीव्हीएम डेटाबेसवरही नजर टाक. पण आयती व्हीसीएफ (एसएनपींच्या यादीची फाइल) मिळेलच अशा भरवशावर राहू नकोस.

आता मूळ प्रश्न. गुणसूत्राचा क्रमांक आणि जागा हा त्या त्या जीनोमपुरता पत्ता असतो, जीनोम बदलला की पत्ता बदलतो. त्यामुळे आकडे जुळवत बसू नकोस. दाबेंझीवरच्या प्रत्येक एसएनपीच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर बेस (डीएनएची अक्षरं) काढ आणि ते ट्युनिशियावर ब्लास्ट कर, म्हणजे ब्लास्ट या प्रोग्रॅमने तिथे कुठे जुळतात ते शोध. एनसीबीआय या अमेरिकी डेटाबेसवर डाळिंबाचा संदर्भ जीनोम ट्युनिशियाच आहे, म्हणून सगळं तिथेच आणलेलं बरं. एकाच ठिकाणी चोख जुळलं तर ठेव. दोन-तीन ठिकाणी सारखंच जुळत असेल तर तो एसएनपी सोडून दे, तिथे प्रायमर (ती जागा पकडायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) हमखास दगा देतो.

केगावची पाहुणी: धन्यवाद दादा! एक करून बघितला. लेखात ए/जी आहे, ट्युनिशियावर त्या जागी टी दिसतोय. चुकीच्या जागी पोचले का?

बेसपेअर: नाही, बरोबर पोचलीस. तुझा तुकडा डीएनएच्या उलट्या धाग्यावर जुळलाय, ब्लास्टच्या निकालात 'प्लस/मायनस' लिहिलेलं असेल बघ. ए/जी तिकडून टी/सी वाचला जातो. ए/टी आणि सी/जी जोड्यांत मात्र जपून, तिथे अक्षरं बघून धागा कळत नाही, आजूबाजूच्या बेसवरच विसंबावं लागतं.

गुटीकलम: थोडं मध्ये बोलतो. एवढा खटाटोप करण्याआधी भगवा आणि दारू, दोन्ही पालकांत तो एसएनपी वेगळा आहे का ते तपासा. लेखातले फरक त्यांनी घेतलेल्या वाणांमधले, त्यातले बरेचसे चिनी. तुमच्या दोन्ही पालकांत एकच अक्षर निघालं, तर रोपांत काय वेगळं दिसणार? मऊ बीच्या संदर्भात ट्युनिशियाच्या लेखात गुणसूत्र 1 वरचा मोठा पट्टा आणि त्यातलं एसयूसी8 सारखं (साखर वाहून नेण्याशी संबंधित) जनुक पुढे आलंय, सुरुवात तिथून करा. पण पट्टा लांबलचक आहे. त्यातला एखादा मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) बीच्या मऊपणासोबत दिसला म्हणजे कारण सापडलं, असं नव्हे.

आणि एक. डाळिंब गुटीने वाढवतात, त्यामुळे पालक झाडातच दोन वेगळी अक्षरं जशीच्या तशी टिकून असतात. सगळीकडे एकजिनसी (दोन्ही प्रतींत एकच अक्षर असलेले) पालक गृहीत धरलेत तर रोपांचं गुणोत्तर बघून गोंधळ उडेल.

बेसपेअर: हे बाकी खरं. आणि आयडीत केगाव आहे म्हणून सांगतो, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तिथेच आहे. रोपं खरोखर भगवा-दारूचीच आहेत ना, एवढंच बघायचं असेल तर थोडे एसएसआर मार्कर (डीएनएत लागोपाठ येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणारे) पुरतात, आणि त्यावर तिथे भरपूर काम झालंय. आधी ते उरकून घे, मग एसएनपीकडे वळ.

केगावची पाहुणी: दोन्ही पालकांची पानं उद्या सकाळीच तोडते. दारूचं झाड एकच आहे, तेवढं चालेल ना?

गुटीकलम: संकरात वापरलं ते हेच झाड असेल तर चालेल. दुसरंच असेल तर उपयोग नाही.