मदत हवी आहे: टाकीतल्या क्रेफिशची पिल्लं नाल्यात सोडली गेलीत, नाला ठाणे खाडीला मिळतो

मंडळी, माझ्या भाच्याने गणपतीनंतर फिशटँकसाठी एक क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) आणला, दुकानदार म्हणाला एकटाच ठेवा म्हणजे पिल्लं होणार नाहीत, म्हणून एकटाच ठेवला आणि गेल्या महिन्यात बघतो तर पोटाखाली काळ्या मण्यांसारखी अंडी चिकटलेली. आता टाकीत शंभरेक पिल्लं आहेत! नर नसताना! शोधल्यावर कळलं की हा मार्बल्ड क्रेफिश असणार, अंगावर संगमरवरासारखे चट्टे आहेत. याच्यात सगळ्या माद्याच, एकटीच अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब नक्कल. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत तो पहिल्यांदा लक्षात आला आणि आज मादागास्करच्या भातखाचरांत पसरलाय. म्हणजे एक पिल्लू जगलं तरी पुरे.

आता खरी गोष्ट. टाकीत गर्दी झाली म्हणून भावोजींनी परवा वीसेक पिल्लं डब्यात घालून मागच्या नाल्यात सोडली. त्यांच्यावर राग नाही, मारण्यापेक्षा सोडलेलं बरं असं त्यांना मनापासून वाटलं, आपल्याकडे लोक कासवं-मासे असेच सोडतात. पण आम्ही मुलुंड पूर्वेला, आमचा नाला सरळ खाडीत जातो, तिथे कांदळवन, निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे), चिंबोऱ्या, हिवाळ्यात फ्लेमिंगो. २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. दोन रात्री झोप नाही मला.

बहीण म्हणते खारं पाणी लागलं की मरतील. पण याचा चुलत भाऊ म्हणजे लाल क्रेफिश मचूळ पाण्यातही तग धरतो. १९७४ मध्ये स्पेनमध्ये ग्वादलक्विविर नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत तो धंद्यासाठी मुद्दाम आणला, मग तिथल्याच डोन्यानाच्या पाणथळीत पाणवनस्पती, गोगलगायी सगळ्यांवर त्याने ताव मारला आणि बिळं करून भातशेतीचे बांध पोखरले. शिवाय क्रेफिश रात्री ओल्या जमिनीवरून चालतही जातो, आणि पावसात आमच्याकडे नाला आणि रस्ता एकच होतो. भारतात तर मूळचा क्रेफिश नाहीच, आपल्या खाडीतल्या कुणालाच त्याची ओळख नाही.

तर विचारायचंय की नाल्यात गेलेली पिल्लं पकडता येतील का, कळवायचं कुणाला, आणि टाकीतल्यांचं काय करू, भाचा रडतोय.

खाडीकाठचा: ताई, चिंबोऱ्यांच्या फगात (चिंबोऱ्या पकडायच्या सापळ्यात) ही पिल्लं येणार नाहीत, जाळीतून निसटतील. बारीक जाळीचा पिंजरा घ्या, आत माशाचं डोकं बांधा, संध्याकाळी जिथे सोडली तिथून थोडं खाली, काठाशी लावा आणि सकाळी काढा. पाणी संथ असेल तिथेच, भरतीची वेळ बघून. नाल्यात एकट्या उतरू नका. एक रात्र लावून सोडू नका, आठवडाभर रोज बघा. जो सापडेल त्याचा फोटो काढा आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला जागेसकट कळवा, बीएनएचएसलाही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. टाकीतली पिल्लं कुणालाही देऊ नका, नाहीतर तो पुढे सोडेल. झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये एक दिवस, मग कचऱ्यात. फ्लश अजिबात नको. टाकीचं पाणी मोरीत नका ओतू, त्यात बारीक पिल्लं असू शकतात, नाल्यापासून लांब कोरड्या मातीवर ओता.

मूळ धागाकर्ती: खूप आभार दादा. आजच पिंजरा आणतेय, भावोजी स्वतः येतायत बरोबर. भाच्याला सांगितलं की निवट्यांची घरं वाचवायची आहेत, तर तो डब्यावर तारीख लिहायला बसलाय. सकाळी पिंजऱ्यात काय मिळालं ते इथेच सांगते. मुलुंड-भांडुप-ऐरोली कडचं कुणी टॉर्च घेऊन येऊ शकेल का उद्या पहाटे?