अस्वल दिसावं म्हणून गूळ टाकू नका

दादा, चांदोलीजवळ लॉज काढून पाहुण्यांना अस्वल दाखवायचं, त्यासाठी परसात गूळ-फणस टाकायचे, असं तुम्ही लिहिलंत. कृपा करून हे करू नका. आम्ही बामणोलीकडे पाहुण्यांची राहायची सोय करतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

तुम्ही अलास्काचं उदाहरण दिलंत. तिथे कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर जुलैत सॅमन मासे वर चढतात, म्हणून तपकिरी अस्वलं एका जागी जमतात आणि लोक मचाणावरून बघतात. आपलं अस्वल एकटं फिरतं, बहुतेक रात्री, वाळवी आणि फळांच्या मागे. नाक तीक्ष्ण, नजर बेताची. माणूस अचानक समोर आला की घाबरून अंगावर येतं. त्याला माणसाच्या दारात खायची सवय लावलीत, तर उद्या करवंदं तोडायला गेलेल्या शेजारच्या वहिनींसमोर ते उभं राहील. मग कोण निस्तरणार?

त्यापेक्षा खुणा दाखवा. उकरलेलं वारूळ, झाडावरचे नखांचे ओरखडे, जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी शोषून घेतं. हे सांगितलं की आमची पाहुणेमंडळी वारुळापाशीच रेंगाळतात, पोरं तर हलतच नाहीत.

खरकटं रात्री उघड्यावर ठेवू नका. पाहुण्यांना पहाटे ओढ्याकडे एकटं सोडू नका. चारजण मिळून, मोठ्याने बोलत जाऊ द्या. सोबत गावातला माहीतगार माणूस घ्या, आणि त्याला पैसे नीट द्या.