मतदानाच्या दिवशी केंद्रावर: चिठ्ठी, ओळखपत्र, मोबाइल आणि आईला घेऊन जाणं

कोथरूडकर_आता_वाघोलीत:
नाव अजून कोथरूडच्याच यादीत आहे, घर बदलून दीड वर्ष झालं. बीएलओकडून (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) मतदार चिठ्ठी आलेली नाही. आईचं वय ८२, गुडघे दुखतात, चष्मा लावून नीट वाचता येतं. मला तिच्याबरोबर आतपर्यंत जाऊ देतील का? आणि मोबाइलचं नक्की काय? दरवेळी दारावर वाद होताना दिसतात. विधानसभा-लोकसभेच्या हिशेबाने सांगा.

खडू_डस्टर:
चिठ्ठीची काळजी सोडा. ती फक्त केंद्र शोधायला असते, २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. तुम्हाला खरं तर तीन गोष्टी माहीत हव्यात: यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि खोली. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला की पहिल्या दोन मिळतात, केंद्राचा पत्ताही मिळतो. १९५० वर फोन करूनही कळतं. हे आकडे कागदावर लिहून न्या, फोनमध्ये नको. एकाच शाळेत सहा-सात केंद्रं असतात. निम्मा वेळ चुकीच्या रांगेत उभं राहण्यात जातो, आणि दीड तासाने टेबलापाशी पोचल्यावर ‘तुमचा भाग शेजारच्या खोलीत’ असं ऐकायला मिळतं.

ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगा जॉबकार्ड यांतलं एक चालतं. मूळ प्रत न्या, झेरॉक्स नको. ओळखपत्रावर जुना पत्ता असला, नावात एखादी वेलांटी चुकली असली, तरी अडत नाही. दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं कार्डही चालतं. पण नाव *या* केंद्राच्या यादीत हवं. कार्ड खिशात आहे म्हणजे मत देता येतंच असं नाही, आणि भांडणं नेमकी इथेच होतात.

नियमावली:
वर एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. घर बदललं की बीएलओच्या पडताळणीत ‘स्थलांतरित’ अशी नोंद होऊ शकते. अशा गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते, कर्मचारी तिला एएसडी म्हणतात. त्यात नाव आलं म्हणजे मत गेलं असं नव्हे. मूळ मतदार यादीत नाव असेल तर केंद्राध्यक्ष स्वतः तुमची ओळख तपासतो, सहीबरोबर अंगठाही घेतो आणि मत देऊ देतो. पहिल्या टेबलावर कोणी ‘तुम्ही इथे राहत नाही’ म्हणालं तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षाला भेटायचंय म्हणून सांगा. पहिल्या टेबलावरचा अधिकारी नाव शोधून मोठ्याने वाचतो, जेणेकरून पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं. नकार द्यायचा अधिकार त्याचा नाही.

निवडणूक झाल्यावर फॉर्म ८ भरून नाव वाघोलीला न्या. नवा फॉर्म ६ भरू नका. त्याने नाव दोन ठिकाणी होतं, आणि ते बेकायदा आहे.

खडू_डस्टर:
बरोबर. आता आईंचं. वाचता येतं आणि बटण दाबता येतं, म्हणजे यंत्रापर्यंत सोबत जाता येणार नाही. सोबती मिळतो तो दृष्टी नसलेल्यांना किंवा शारीरिक असमर्थतेमुळे चिन्ह ओळखता येत नाही, बटण दाबता येत नाही अशांना. तो १८ वर्षांवरचा हवा, दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, मत गुप्त ठेवीन असं लिहून देतो. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात. आईंना खोलीच्या दारापर्यंत धरून न्या, पुढचं कर्मचारी बघतात. ज्येष्ठांना रांगेत थांबायला लावू नये असा आदेश आहे, पण कोणी आपणहून बोलवत नाही. दारावरच्या पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला जाऊन सांगावं लागतं. चाकाची खुर्चीही मागितल्यावरच पुढे येते. घरून मतदानाची सोय ८५ वर्षांवरच्यांना आहे (किंवा ४० टक्के अपंगत्व असेल तर), त्यासाठी १२-ड फॉर्म अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. एकदा तो मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

चष्मा विसरू नका. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण व्हीव्हीपॅटची (दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र) काच लहान असते आणि चिठ्ठी सातच सेकंद दिसते.

बीप_वाजू_द्या:
यंत्रापाशी नेमकं काय होतं ते लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागते, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ. बोटाला तेल-मेंदी असेल तर आधी पुसतात. मग नोंदवहीत (१७-अ) सही आणि हातात एक चिठ्ठी. ती तिसऱ्या अधिकाऱ्याला द्यायची. तो आपल्याजवळच्या कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, तेव्हाच तुमच्या बॅलेट युनिटवर (उमेदवारांची नावं आणि बटणं असलेलं यंत्र) हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा नसताना कितीही दाबा, काही होत नाही.

नावासमोरचं *निळं* बटण दाबायचं. चिन्हाच्या चित्रावर बोट दाबून बाहेर येणारे दर निवडणुकीत असतात. लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटमध्ये क्रमांक, नाव, चिन्ह दिसतं, चिठ्ठी पेटीत पडते आणि मग लांब बीप वाजतो. बीप येईपर्यंत हलू नका. दुसऱ्यांदा दाबलेलं मोजलं जात नाही. ती चिठ्ठी घरी मिळत नाही, मागूही नका.

एका युनिटवर १६ बटणं. उमेदवार जास्त असले की दुसरं, तिसरं युनिट शेजारी लागतं. ‘नोटा’ सगळ्यांत शेवटी. क्रम आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांच्या वर्णानुक्रमाने. आपल्या उमेदवाराचा क्रमांक आधीच पाहून ठेवला तर शोधाशोध होत नाही. सारख्या नावाचे उमेदवार असतात, म्हणून फोटो आणि चिन्ह दोन्ही बघा.

नियमावली:
व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर वेगळंच नाव दिसलं असं वाटलं तर खोलीतच केंद्राध्यक्षाला सांगायचं. लेखी घोषणापत्र द्यावं लागतं, मग प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकायला लावतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं, खोटी निघाली तर तक्रारदारावर गुन्हा. म्हणून खात्री असेल तरच.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तर ‘प्रदत्त मत’ मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात. शिक्का मारून, घडी घालून ती केंद्राध्यक्षाकडे द्यायची, तो वेगळ्या पाकिटात ठेवतो. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर तीच कामाला येते.

कोथरूडकर_आता_वाघोलीत:
छान माहिती. मोबाइल राहिला. आणि महापालिकेला हेच सगळं लागू?

बीप_वाजू_द्या:
मतदानाच्या खोलीत मोबाइल नाहीच. २०२५ मध्ये आयोगाने दाराबाहेर खण किंवा पिशव्या ठेवून बंद केलेला फोन जमा करून घ्यायची सोय जाहीर केली. पण मोठ्या रांगेत ते जोखमीचंच, घरी ठेवून येणं बरं. डिजिलॉकरमधलं आधार म्हणूनच उपयोगाचं नाही, ते दाखवायला फोनच हातात नसतो. आत फोटो काढला तर गुप्ततेचा भंग होतो.

महापालिकेत बराच फरक आहे. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच, पण प्रभागवार फोडलेली, त्यामुळे अनुक्रमांक आणि केंद्र दोन्ही बदलू शकतात. व्हीव्हीपॅट नसतो. पुण्यात बहुतेक प्रभाग चार जागांचे, म्हणजे चार बटणं: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी मतपत्रिका. प्रत्येक गटात एक, नको असेल तर त्या गटातला नोटा. चारही झाल्याशिवाय बीप वाजत नाही. एक बटण दाबून निघालात तर अधिकारी परत बोलावतात आणि मागची रांग तुंबते. मुंबईत एका वॉर्डाला एकच मत.

वेळही वेगळी. विधानसभेला सकाळी ७ ते संध्याकाळी ६ (गडचिरोलीच्या काही भागांत ३ पर्यंतच), तर जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानाला साडेसात ते साडेपाच होती.

खडू_डस्टर:
वेळ संपताना आवारात रांगेत असाल तर मत जात नाही. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात आणि फाटक बंद होतं. मिनिटभराने आलेल्याला मात्र घेत नाहीत. आईंना घेऊन दुपारी दोन-तीनला जा, तेव्हा बहुतेक ठिकाणी रांग सगळ्यांत लहान असते.