नववीतल्या मुलाचे इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, काय करू?

देवगडचा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत, मराठी मीडियम. रोज दहा शब्द वहीत उतरवतो, स्पेलिंग घोकतो, आणि रविवारी विचारलं की निम्मे गायब. परवा विचारलं ॲबंडंट म्हणजे काय, पटकन म्हणाला विपुल. म्हटलं विपुल म्हणजे काय रे, तर म्हणतो आमच्या वर्गात आहे एक! आधी हसलो, मग डोक्याला हात लावला. चांगला क्लास कणकवलीला, म्हणजे एसटीतच सगळा वेळ जाणार. घरी काय करता येईल? मला इंग्रजी वाचता येतं, बोलायची बोंब आहे.

राजापूरच्या_बाई
विपुलचा किस्सा उद्या स्टाफरूममध्ये सांगणार, आधीच माफी मागते. पण दुखणं तिथेच आहे. गाइडमधला मराठी अर्थच पोराला कळत नाही, म्हणजे तो एक नाही, दोन अनोळखी शब्द पाठ करतोय. त्याला सांगा, जाळ्यात बांगडाच बांगडा आला की तो ॲबंडंट आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी स्केअर्स. आणि शब्द कधी सुटा लिहू देऊ नका, जोडीनेच लिहायचा. पाऊस जोराचा तर हेवी रेन, वारा जोराचा तर स्ट्राँग विंड, समुद्र खवळला तर रफ सी. मराठीत 'जोराचा' दोन्हीकडे चालतो म्हणून पोरं बिनधास्त स्ट्राँग रेन लिहितात, आमचा लाल पेन संपतो. दहा कशाला, रोज चार पुरेत.

मचवा_७१
बाईंशी सहमत, पण उजळणीचं काय? मी मुलीसाठी जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली (आमच्याकडे पत्रिकांना तोटा नाही), पुढे शब्द, मागे तिनेच केलेलं वाक्य. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन खण. पहिल्या खणातली कार्डं रोज बघायची, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. आला की पुढच्या खणात, चुकला की परत पहिल्यात. लाइटनर नावाच्या माणसाने ही पद्धत १९७२ मध्ये मांडलीय, दिवस मात्र मी माझ्या सोयीने ठरवले. जे येतं ते रोज घोकण्यात वेळ जात नाही, हा खरा फायदा.

काजूबी
शब्दांची घराणी दाखवा त्याला. पोर्ट म्हणजे वाहून नेणे, की इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल सगळे एका झटक्यात येतात. काजू आणि कॅश्यू तर एकच शब्द, पोर्तुगीजांनी फिरवलेला. आणि मुंगूस आपल्याकडनंच गेलाय इंग्रजीत, मंगूज. अनेकवचन मंगूजेस हां, गूजचं गीस होतं म्हणून मंगीस करू नका!

मचवा_७१
जयगड पोर्टमधला पोर्ट त्यात घालू नका फक्त, बंदरवाला पोर्ट लॅटिनमधल्याच दुसऱ्या शब्दावरून आलाय.

शिरोडा_नाका
आम्ही रात्री लाईट गेली की इंग्रजी भेंड्या खेळतो, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. दहावीच्या पेपरात वर्ड चेन येते ती हीच. नवीन शब्द मिळत नाहीत त्यातून, पण स्पेलिंग पक्कं होतं. आमची पोरं तर लाईट जायची वाट बघतात.

देवगडचा_बाबा
सगळ्यांचे आभार. पंधरा दिवस झाले, आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीत तीन खण केलेत, रोज चारच शब्द. पहिला खण अजून भरलेलाच आहे, खोटं कशाला बोलू. पण काल मागीलदारी पोरगा ओरडला, "बाबा, मंगूज!" तर आमची आई आतून म्हणते, "मुंगूस म्हण की मेल्या, आणि कोंबड्या आत घे आधी."